पालकांनी बाहेर थांबावे

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला मी जळगावच्या एका कॉलेजात पोचले. हातात पेन, पर्समध्ये आयकार्ड... विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा होती. विषय, एक जाडजूड तात्त्विक कादंबरी.

नावनोंदणीच्या टेबलावरची मुलगी वर न बघताच म्हणाली, "काकू, पालकांनी बाहेर थांबायचंय. मुलगी गेली का आत?"

म्हटलं, "मुलगी घरी झोपलीय. स्पर्धेला मी आलेय."

तेव्हा कुठे तिने मान वर केली. मग शेजारच्या मैत्रिणीकडे बघितलं, आणि मग दोघींनी मिळून माझ्याकडे...

थोडं मागचं सांगते. मी चोपडा तालुक्यातली, घरी केळीची शेती. वय त्रेचाळीस. एस.वाय.ला असताना लग्न झालं आणि पुस्तकं माहेरच्या माळ्यावर गेली. कुणी जुलूम केला नाही हो, उगाच खोटं कशाला बोलू? सगळे म्हणाले नंतर कर, आणि ते नंतर काही उजाडलंच नाही. कॉलेज सोडताना मात्र मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते, डिग्री तर मी घेणारच, माझा शब्द आहे! आता मुक्त विद्यापीठातून पुन्हा पहिल्यापासून बी.ए. करतेय. यंदा शेवटचं वर्ष.

कादंबरी गावच्या वाचनालयातून आणली, चार वेळा रिन्यू केली. पहिली शंभर पानं चक्क डोक्यावरून गेली... त्यातला माणूस मित्राला शब्द देऊन गाव सोडतो. वीस वर्षांनी परत येतो आणि म्हणतो, शब्द देणारा तो तरुण आता उरलेलाच नाही, मी वेगळाच माणूस आहे, मला कसला जाब विचारता? पुढची तीनशे पानं याच वादाची.

दुपारी ओट्यावर बसून मी वाचायचे आणि सासूबाईंना गोष्ट सांगायचे. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. अक्का शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण जेवणं उरकली की रोज सिरियलसारखं विचारायच्या, "मंग, त्या माणूसनं काय व्हयनं?"

त्याचं हे वेगळा माणूस असल्याचं म्हणणं सांगितलं तेव्हा अक्का भडकल्याच. आमच्याकडे केळीचा घड काढला की ते झाड तोडतात आणि त्याच्या बुडाशी राखलेलं पिल वाढवतात, त्याला पिलबाग म्हणतात. अक्का म्हणाल्या, "झाड नवं शे, पन बूड तं तेच शे ना! तो काय आभायमाईन पडना का?" आभाळातून पडला का, म्हणे!

मी खूप हसले... आणि मग पुस्तक मिटून ठेवलं. तो कादंबरीतला माणूस राहिला बाजूला, तेवीस वर्षं मी तरी दुसरं काय म्हणत होते? ती तोऱ्यात बोलणारी पोरगी वेगळी होती, जाऊ दे, संपलं ते. लाज वाटली, खरंच सांगते. रागही आला स्वतःचा. त्याच दुपारी स्पर्धेचा फॉर्म भरला.

तर टेबलापाशी तोवर एक सर आले. बिचारे फार अदबीने म्हणाले, "ताई, ही विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. दुपारी बक्षीस समारंभ आहे, त्याला बसा ना हवं तर."

मी आयकार्ड टेबलावर ठेवलं. म्हटलं, "सर, नियमात पदवीचा विद्यार्थी एवढंच लिहिलंय. वय कुठेच नाही. नाही म्हणायचं असेल तर तसं कागदावर लिहून द्या, मी लगेच जाते."

आवाज कुठून आला, देव जाणे! मागे पोरापोरींची रांग ताटकळलेली... सरांनी नियमांचा कागद दोनदा वाचला. मग त्या मुलीला म्हणाले, "नाव घे त्यांचं."

दोन तास लिहिलं. हात अक्षरशः दुखून आला, पुरवण्या तीन लागल्या. मोठमोठ्या विचारवंतांची नावं मला येत नाहीत, ती घातलीही नाहीत. पिलबाग लिहिली, अक्कांचं म्हणणं अक्कांच्या नावाने लिहिलं, आणि हा माणूस पळपुटा आहे असं ठणकावून लिहिलं.

पहिला नंबर धुळ्याच्या एका मुलीचा आला. तिने तो माणूस निर्दोष ठरवला होता! स्टेजवर असलं भारी बोलली की मला एक अक्षर पटलं नाही, तरी टाळ्या मात्र जोरात वाजवल्या. मला उत्तेजनार्थ मिळालं.

सर्टिफिकेट हातात आलं आणि मी बघतच राहिले. पुढे "कु." आणि नंतर माझं माहेरचं नाव... माझं ॲडमिशन बारावीच्या मार्कशीटवर झालेलं, त्यामुळे आयकार्डवर तेच नाव आहे, आणि त्या मुलीने ते तसंच टाइप केलेलं.

सरांच्या लक्षात आलं. "सॉरी ताई, सगळ्यांनाच कु. छापलं गेलंय. सौ. करून, सासरचं नाव घालून नवीन पाठवतो."

डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, पण आवाज नीट होता. म्हटलं, "राहू द्या सर. बरोबर माणसाच्या नावावर आलंय ते."

उन्हाळ्यात फायनलची परीक्षा आहे. डिग्रीसुद्धा त्याच पोरीच्या नावावर घेणार आहे.