भाभींची जागा आणि माझा फेटा

चूक माझीच होती, आणि ती मी कुणाच्या नकळत केली नाही. भरल्या बैठकीत, सगळ्यांच्या संमतीने केली. म्हणून ती इतकी वर्षं अंगावरून उतरली नाही. चोरून केलेली चूक निदान लपवता तरी येते. माझ्या चुकीला सूचक होता, अनुमोदकही होता.

नव्वदच्या दशकात कळंब्याला आमचं एक छोटं सार्वजनिक वाचनालय होतं. खाली दूध संस्था आणि वर आमच्या दोन खोल्या. वाचनालय 'ड' वर्गाचं होतं. 'ड'च्या खाली वर्ग नसतो, त्यामुळे घसरण्याची भीती नव्हती, पण 'ड' वर्गाचं अनुदानही तसंच, पंखा घेतला तर पुस्तकं राहायची. वर्ग वाढून 'क' झाला असता तर अनुदान वाढलं असतं आणि ग्रंथपालाचं मानधनही. त्यासाठी आमच्याकडे एकच गोष्ट कमी होती, ती म्हणजे प्रशिक्षण घेतलेला ग्रंथपाल.

ग्रंथपाल म्हणजे भाभी. त्यांच्या दोन पिढ्या गावात गेलेल्या, नवरा एस.टी.त मेकॅनिक. सगळं गाव त्यांना भाभीच म्हणायचं. त्या वाचनालय उघडायच्या, झाडायच्या, पुस्तकं द्यायच्या, आणि पुस्तकं परत न करणाऱ्यांच्या घरी जाऊन चुलीपर्यंत शिरायच्या. मी कार्यवाह होतो. म्हणजे सह्या करायचो.

एका वर्षी ग्रंथपालन प्रशिक्षण वर्गाचं पत्र आलं. कोल्हापुरात, काही महिने, दर शनिवार-रविवार. प्रत्येक वाचनालयातून एक माणूस. अध्यक्षांनी, जे दूध संस्थेचेही अध्यक्ष होते, पत्र बैठकीत वाचून दाखवलं आणि विचारलं, "मग कुणाला धाडायचं?"

भाभी दाराशी उभ्या होत्या. त्या काही बोलणार एवढ्यात मी उभा राहिलो. म्हणालो, "बाईमाणसाला दर आठवड्याला बसनं शहरात जायचं म्हणजे त्रास. घरदार आहे, लेकरं आहेत. शिवाय शनिवारी-रविवारी वाचनालय कोण उघडणार? मी जातो."

"लेकरं मोठी हायती," भाभी म्हणाल्या. "अन् घरात सासू हाय की. चांगली जिती हाय."

सगळे हसले. हसून झाल्यावर माझा ठराव मंजूर झाला. भाभी म्हणाल्या, "जावा की," आणि कपबशा गोळा करायला लागल्या.

आता खरं कारण सांगतो, आणि सांगताना आजही कान गरम होतात. माझ्या साडूच्या घरी भिंतीवर चौकटीत एक प्रमाणपत्र होतं. जास्त दूध दिल्याबद्दल. ते खरं त्याच्या म्हशीला मिळालेलं होतं, पण नाव साडूचं होतं. मला आयुष्यात कसलंही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. दर दिवाळीला साडू मला मुद्दाम त्या भिंतीसमोर बसवायचा आणि फराळाची ताटली हातात द्यायचा. एका म्हशीच्या मागे राहिलो ही गोष्ट मला सोसत नव्हती.

म्हणून मी वर्गाला गेलो. मन लावून शिकलो, हेही कबूल करतो. दाखलनोंद, वर्गीकरण, तालिका. शेजारच्या बाकावर गडहिंग्लजहून येणारे एक ग्रंथपाल बसायचे. पहाटेची एस.टी. पकडून यायचे आणि दुपारी झोपेने डुलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही कार्यवाह, मग तुमचे ग्रंथपाल कुठं हैत?"

मी म्हणालो, "त्यांना वेळ नाही."

"मला तरी कुठं हाय," असं म्हणून ते परत डुलायला लागले.

पास झालो. प्रमाणपत्र चौकटीत घालून समोरच्या खोलीत लावलं आणि साडूला जेवायला बोलावलं. त्यानं ते नीट वाचलं आणि म्हणाला, "म्हशीला तर बक्षीस पण दिलतं. घमेलं."

पण माझा उत्साह काही कमी झाला नाही. मी वाचनालयातली सगळी पुस्तकं खाली काढली, दर पुस्तकावर आकड्यांची चिठ्ठी डकवली आणि नव्या क्रमानं लावली. तोवर लोक पुस्तक मागायचे ते असं: "खिडकीखालचं, जाडं, पुठ्ठा गेलेलं." भाभी नवी मांडणी बघून फक्त म्हणाल्या, "खिडकी तरी हाय तितंच ठेवा."

पुढच्याच आठवड्यात दूध घालायला आलेला एक गडी धापा टाकत वर आला. त्याची म्हैस चारा खाईना. म्हशीच्या आजारांवरचं एक पुस्तक आमच्याकडे होतं, तेवढंच गावात खरोखर फिरलेलं. मी ऐटीत तालिकेचा, म्हणजे पुस्तकांच्या कार्डांचा, खण उघडला आणि विचारलं, "विषय कोणता? पशुसंवर्धन की पशुवैद्यक?"

"म्हस," तो म्हणाला.

"हो, पण त्यात कोणता विभाग?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला तो लहानपणापासून ओळखत होता, आमची शेतं बांधाला बांध होती. तरी तो म्हणाला, "ओ पावणं, तुमचा इभाग घावंस्तोवर म्हस ऱ्हाती व्हय?" आणि जिना उतरून गेला. पुस्तक पुढं पाकशास्त्रात सापडलं. म्हैस तोवर आपली आपण बरी झाली होती.

मग आली तपासणी. आपल्याकडे आता शिकलेला माणूस आहे, एवढ्यावर वर्गवाढीसाठी आमचा अर्ज गेलेला होता आणि ग्रंथालय खात्याचे अधिकारी येणार होते. आमच्याकडे माणूस पास झाला, निवडून आला, निवृत्त झाला किंवा नुसता दवाखान्यातून बरा होऊन परतला तरी त्याचा सत्कार होतो. अध्यक्षांनी ठरवलं, साहेब येणारच आहेत तर त्यांच्याच हस्ते माझा सत्कार उरकून टाकायचा. खालच्या फळ्यावर खडूनं माझं नाव लिहिलं, मागे 'प्रशिक्षित कार्यवाह' असं. हलगीवाला बोलावला. वाचकांची गर्दी दिसावी म्हणून दूध घालून परतणारी माणसं वर आणून पेपरांपुढं बसवली.

साहेब बिचारे सभ्य. बसल्या बसल्या त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "रोज वाचायला येता का?"

"न्हाय बा," म्हातारा म्हणाला. "दुधाचं बिल निघायचं हाय, बसलोय."

तेवढ्यात हलगी सुरू झाली. माझ्या डोक्यावर फेटा चढला. साहेबांनी मला शाल पांघरवली, नारळ दिला आणि हात मिळवत म्हणाले, "अभिनंदन. म्हणजे इथले ग्रंथपाल तुम्ही."

"नाही, मी कार्यवाह."

"मग ग्रंथपाल कोण?"

अध्यक्षांनी अभिमानानं सांगितलं, "त्या खाली चहा ठेवायला गेल्यात साहेब. तुमच्यासाठीच."

भाभी ट्रे घेऊन वर आल्या. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही प्रशिक्षण घेतलं आहे का?"

"मी न्हाय सायेब," भाभी म्हणाल्या. "ह्यांनी घेतलंय, माझ्या वाटचं."

हलगीवाल्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, तो वाजवतच होता. साहेबांनी आवाज चढवून सांगितलं, "कार्यवाहांचं प्रशिक्षण धरता येत नाही हो. ग्रंथपालांनी घ्यायला हवं होतं."

अध्यक्षांना वाटलं, यात अवघड काय. ते म्हणाले, "मग ह्यांस्नीच ग्रंथपाल करूया की. अन् भाभीस्नी कार्यवाह."

साहेब चहा प्याले, चहा चांगला झालाय म्हणाले आणि निघाले. वाचनालय 'ड' वर्गातच राहिलं आणि भाभींचं मानधन होतं तिथंच. सगळे पांगल्यावर मी खुर्चीवर चढून पताका सोडवत होतो. भाभी खालून म्हणाल्या, "फेटा काढा आदी. पंख्यात घावंल."

एवढंच. त्या भांडल्या असत्या तर मी कदाचित त्याच दिवशी सुटलो असतो. पुढचं पत्र येईल तेव्हा भाभींना पाठवू म्हणालो, तर ते पत्रच येईना. दर वर्षी वाट बघायची आणि दर वर्षी त्या त्याच मानधनाच्या पावतीवर सही करायच्या, आणि शेजारी मी.

माफी मागायचे प्रयत्न केले. एकदा खरवस घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "म्हस व्याली व्हय?" मी हो म्हणालो आणि परत आलो. ईदला मनाशी वाक्य घोळवत गेलो, तर त्यांच्या सासूनं शिरखुर्म्याची वाटी पुढं केली, मग दुसरी, मग तिसरी. भरल्या तोंडानं माफी मागता येत नाही आणि तोंड रिकामं होऊ द्यायला सासू तयार नव्हती.

दोन हजार साल उलटून गेल्यावर पुन्हा पत्र आलं. त्या वेळी भाभी वर्गाला गेल्या, पास झाल्या, पुढं यथावकाश वर्गही वाढला. ते सगळं त्यांचं आहे, त्यात मी काही केलं नाही. मला सांगायचं आहे ते त्या जाण्याआधीच्या बैठकीतलं.

तेच अध्यक्ष, तीच खोली. पत्र वाचून झालं आणि अध्यक्ष म्हणाले, "माझा पुतण्या रिकामाच हाय. त्याला धाडू. भाभीस्नी कशाला तरास?"

कुणीतरी "बरोबर" म्हणालं. भाभी दाराशी उभ्या होत्या. मी उठलो. मी नेहमी शेवटी आभार मानायला उठायचो, त्यामुळे दोघं-तिघं बैठक संपली समजून चपला शोधायला लागले.

मी म्हणालो, "बसा. आभार नाहीत. मागच्या वेळी भाभींना त्रास होईल असं मी याच जागेवर सांगितलं. ते खोटं होतं. त्रास होईल का, हे आपण कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. मला मिरवायचं होतं, म्हणून मी त्यांची जागा घेतली. त्यामुळं वर्ग अडला आणि इतकी वर्षं त्यांचं मानधन अडलं."

मी दाराकडं वळलो. हात जोडावेत की नाही हे कळेना, म्हणून ते नुसतेच लोंबत राहिले.

"भाभी, तुमच्यापुढं असलेली वाट मी अडवली. सगळ्यांच्या समोर अडवली, म्हणून सगळ्यांच्या समोर सांगतो. माझी चूक झाली. मला माफ करा."