लाव्यांपुढे बोलायचं नाही

रॉयस एक दिवस माणसांसारखं बोलणंच विसरून जाईल, ही काळजी ओडेल प्रुइटला शेंगा सोलताना यायची, चर्चमध्ये भजन म्हणताना यायची, आणि सगळ्यात जास्त यायची ती खुद्द रॉयस समोर बसून जेवत असताना.

"मीठ बरोबर आहे?"

"हं."

"आणखी एक बिस्किट?"

"हं."

"उद्या मी मेले तर?"

"हं," म्हणून पावासारखं मऊ बिस्किट बुडवायला त्याने रश्श्याचं भांडं पुढे ओढलं.

मुलगा त्रेचाळीस वर्षांचा घोडा. हाडापेराने धडधाकट, दात सगळे स्वतःचे, दारू नाही, जुगार नाही. गावातल्या बायका ओडेलला म्हणायच्या, "नशीबवान आहेस, मुलगा काही करत नाही." त्यातला टोमणा तिला कळायचा. ती कॉलेज शिकलेली होती, तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. प्राणी पिल्लांना स्वतःच्या पायावर कसे उभे करतात यावर तिचा धडा साऱ्या जिल्ह्यात नावाजलेला होता. स्वतःचं पिल्लू मात्र घरट्यातच राहिलं होतं, आणि त्याने घरट्यामागे आणखी सहाशे पिल्लं पाळली होती.

ते लावे, तितराहून लहान पक्षी. शिकारी कुत्र्यांना शिकवायला लागतात ते. दक्षिण जॉर्जियात पाइनच्या बनांत फिरायला ज्याच्याकडे दोन पाय आणि एक कुत्रा आहे, त्याला लावे लागतात. रानातले उरले मोजके, म्हणून पाळलेले विकत घ्यायचे, गवतात सोडायचे, आणि कुत्र्याने त्यांचा वास काढून एक पाय उचलून पुतळ्यासारखं थिजायचं, हे शिक्षण. पण लावा उडायला हवा. माणसाळलेला लावा उडत नाही, कुत्र्याच्या नाकापुढे बसून दाण्याची वाट बघतो, कुत्रा त्याला गप्पकन धरतो, आणि एकदा धरलं की ते कुत्रं बिघडलं. म्हणून लाव्यांच्या धंद्यातला पहिला नियम असा की पक्ष्याला माणूस कळता कामा नये.

हा नियम इतर लोक पिंजऱ्यापुरता पाळतात. रॉयसने तो घरभर पसरवला. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीमागे, म्हणून स्वयंपाकघरात बोलायचं नाही. कपड्यांचं यंत्र चालेल, कारण त्याला लावे माणूस समजत नाहीत. ओडेल चालणार नाही. पाद्रीबुवा नव्या फ्रिजला आशीर्वाद द्यायला आले, तर रॉयसने ओठांवर बोट ठेवलं. बिचाऱ्यांनी देवाशी कुजबुजत बोलून घेतलं. फ्रिज महिन्याभरात बंद पडला. देवाला ऐकूच गेलं नसणार, असं ओडेलचं मत.

आणि तो स्वतः दाणा घालायला जाई तेव्हा खाद्याचं रिकामं पोतं डोक्यावरून ओढून घेई, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेलं.

"हे कशाला?" तिने पहिल्यांदा विचारलं होतं.

"मी माणूस आहे हे त्यांना कळू नये."

"मग उघड्या तोंडाने जा की! तुला कोण माणूस समजतंय?"

यावरही तो "हं" म्हणाला होता.

शहरातल्या लोकांना मात्र हा गप्पपणा फार आवडायचा. अटलांटाचे दातांचे डॉक्टर हॉलिंगर दर शनिवारी यायचे, नव्या कोऱ्या मळकट रंगाच्या कपड्यांत, आणि त्यांच्यासोबत सेनेटर नावाचा पॉइंटर जातीचा शिकारी कुत्रा. सेनेटरची वंशावळ डॉक्टरांच्या स्वतःच्या वंशावळीपेक्षा लांब होती आणि ते ती न विचारता सांगत. "सेनेटरमध्ये काय कमी आहे, रॉयस?" असं त्यांनी विचारलं की रॉयस क्षितिजाकडे बघे, बराच वेळ, आणि म्हणे, "नाक." डॉक्टर भारावून जात. खेडवळ माणूस गप्प बसला की शहरवाल्याला तो ज्ञानी वाटतो. ओडेलला माहीत होतं की तो क्षितिजाकडे बघत नाही, डॉक्टरांकडे बघायचं टाळतो.

एकाच विषयावर रॉयस सलग बोलू शकायचा, आणि तो म्हणजे परतीचा पिंजरा. माळाच्या कडेला ठेवलेला, कमरेइतका उंच, वर उघडणारं झाकण, खाली जाळीचा नरसाळ्यासारखा रस्ता, ज्यातून आत येता येतं पण बाहेर जाता येत नाही. सकाळी झाकण उघडून लावे सोडायचे. पण सगळे नाही. "तीन ठेवायचे असतात," रॉयस म्हणे. ते तीन संध्याकाळी एकटे पडले की साद घालतात, आणि माळभर पांगलेले सगळे सादेमागे तुरुतुरु घरी येतात. साद घालायला कुणी उरलं नाही, तर रात्री लावे जिथे असतील तिथेच बसतात आणि कोल्ह्यांचा सण होतो.

हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. ओडेलला वाटायचं, हे सगळं याला कळतं, मग बाकीचं का कळत नाही?

बाकीचं म्हणजे नोरीन.

नोरीन गावातल्या खाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. नवरा मासेमारीची बोट घ्यायला गेला होता तो बोट विकणारीसोबत पळाला. "बोट चांगली होती," एवढंच नोरीन त्यावर म्हणायची. दुकानाची पोती पोचवायला दुकानाचा ट्रक होता, ट्रकला ड्रायव्हर होता. तरी प्रुइटांची पोती नोरीन स्वतःच्या लाल गाडीतून आणायची, आणि पाठीवर पोतं घेऊन पायऱ्या चढताना ज्याला उद्देशून हसायची तो गुदामामागे लपलेला असायचा. शहरातल्या सेनेटरला नाक नव्हतं, घरातल्याला डोळे नव्हते.

तिची आणखी एक गोष्ट ओडेलला ठाऊक होती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की नोरीन लाव्याची साद घालायची, बापाने शिकवलेली. इतकी हुबेहूब, की दारातली कुत्री पाय उचलून उभी राहायची. रॉयसने ती कधी ऐकली नव्हती. आई दुकानात जायची तेव्हा तो गाडीतच बसून राहायचा, कारण दुकानात माणसं असायची.

गेल्या आठवड्यात नोरीन पोती टाकून पायरीवर बसली आणि कुजबुजत म्हणाली (त्या घरातलं प्रेमही कुजबुजतच चालायचं), "मिस ओडेल, व्हॅल्डोस्टाला बहिणीच्या दुकानात मला काम मिळतंय. सोमवारी हो की नाही कळवायचंय. इथे राहण्यासारखं काही असेल तर मी राहते."

"आहे ना."

"ते तुम्ही सांगताय. जे आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगेल का?"

ओडेलने गुदामाकडे बघितलं. गुदामामागून बुटाचं एक टोक दिसत होतं. तिने बघितल्याबरोबर तेही आत गेलं.

शनिवारी सकाळी नोरीन आली ती हातात काचेची थाळी घेऊन, बरणीतल्या पीचचा कॉबलर, म्हणजे भट्टीत भाजलेला फळांचा गोड पदार्थ, वर खरपूस साखरेचा पापुद्रा. डॉक्टर हॉलिंगर सेनेटरच्या गळ्यात घंटा बांधत होते. रॉयस परतीच्या पिंजऱ्याशी वाकला होता. पोतं डोक्यावर होतंच. नोरीन सरळ त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मागून मका घेऊन येणाऱ्या ओडेलला शब्द न् शब्द ऐकू आला, कारण नोरीन कुजबुजली नाही.

"रॉयस प्रुइट, मी व्हॅल्डोस्टाला जाऊ की नको?"

पोत्याची दोन भोकं तिच्याकडे वळली. हात मात्र झाकणावरच होता, आणि तो हात असा उडाला की झाकण पार मागे पडलं. भर्रकन सगळे लावे वर आले, चहूकडे फुटले, पाइनच्या दिशेने, झुडपांच्या दिशेने. पिंजऱ्यात पीस उरलं.

रॉयसने आत बघितलं. मग नोरीनकडे बघितलं. ओडेलने मनात हात जोडले. आता तरी, देवा, आता तरी.

"तीन ठेवायचे असतात," रॉयस म्हणाला.

नोरीन वळली. मग थाळी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि मागे न बघता निघून गेली. तेवढ्यात सेनेटर धावत आला, थबकला, एक पाय उचलला, शेपूट ताठ केली आणि कॉबलरसमोर पुतळ्यासारखा थिजला.

"वा! काय ऐट आहे बघा!" डॉक्टर ओरडले आणि फोटो काढायला लागले.

ओडेलला दोघांनाही, म्हणजे कुत्रा सोडून उरलेल्या दोघांनाही, थाळी फेकून मारावीशी वाटली. पण कॉबलर चांगला झाला होता.

दिवसभर रॉयस माळावर भटकला. संध्याकाळ झाली. परतीच्या पिंजऱ्यात साद घालायला कुणी नव्हतं. तेव्हा जॉर्जिया राज्यात आजवर कुणी केलं नसेल ते त्याने केलं. झाकण उचललं, गुडघे हनुवटीला लावले, आणि सहा फुटांचा तो माणूस पिंजऱ्यात स्वतः जाऊन बसला. पोत्याआडून शीळ घालू लागला.

ओडेल खिडकीतून बघत होती. शीळ कसली, चहाची किटली उकळल्यासारखं काहीतरी. माळावरून एकही उत्तर नाही. तिच्या मनात आलं, साऱ्या पंचक्रोशीत लाव्यांना माझ्या मुलाइतकं ओळखणारा कुणी नाही, आणि लाव्यांनाही त्याचं बोलणं कळत नाही.

आणि मग पिंजऱ्यामागच्या रानबोरांच्या जाळीतून साद आली. भरलेली, गोल, शेवटाला उंच उचललेली. पुन्हा आली. डावीकडच्या गवतातून एकाने उत्तर दिलं. पाइनकडून दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. ओडेलने मान वाकडी केली तेव्हा तिला बोरांमागे लाल गाडीचा कोपरा दिसला, आणि गाडीला टेकून उभी असलेली नोरीन. थाळी परत न्यायला आली असणार बहुतेक.

लावे येऊ लागले. एकामागे एक, मान पुढे काढून, नरसाळ्यातून आत, रॉयसच्या बुटांवरून चढून उतरत. नोरीन साद घालत राहिली. शेवटचा पक्षी आत गेल्यावरही तिने आणखी एकदा घातली, हळू. ती कुठल्या लाव्यासाठी नव्हती. मग थांबली. बराच वेळ उभी राहिली. त्याने नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं.

त्याने वळवली नाही. गाडी निघून गेली.

जेवताना रॉयस बोलला. वर्षानुवर्षांत बोलला नव्हता इतका बोलला.

"आई, आज बोरांच्या जाळीत रानलावी होती! पाळलेली नाही, अस्सल. असली साद मी जन्मात ऐकली नाही. सगळे आणले तिने, एकूण एक. शेवटची साद तर, म्हणजे, कशी सांगू..." त्याने काटा खाली ठेवला. "इथं दुखलं," म्हणून छातीवर हात ठेवला.

ओडेलने हातातलं बिस्किट ताटात ठेवलं. "मग तू काय केलंस?"

"काय करणार? हललोसुद्धा नाही. श्वास धरून बसलो. वळलो असतो तर उडाली नसती?"

"रॉयस."

"उद्या तिथे दाणा ठेवतो. म्हणजे राहील ती."

तिच्या जिभेवर आलं होतं की अरे शंखा, दाण्याच्या अख्ख्या दुकानावर बसते ती, आणि रानलाव्या कॉबलर करत नाहीत. पण तिने त्याच्याकडे बघितलं आणि गिळलं. त्याचे डोळे चमकत होते. या माणसाने आयुष्यात कुणाचं इतकं कौतुक केलं नव्हतं, आणि जिचं केलं तिला ते पक्षी म्हणून मिळालं होतं. दुसऱ्या कुठल्या बाईला हे सांगितलं असतं तर तिने थोबाडीत मारली असती. नोरीनला मात्र कळलं असतं. बापाकडून लाव्याची साद शिकलेल्या बाईला याहून मोठी स्तुती कुणी करू शकलं नसतं.

पण सांगणार कोण? रॉयसवर सोडलं तर सोमवार जाईल, नाताळ जाईल, आणि हा बोरांच्या जाळीत दाणा ठेवत म्हातारा होईल.

तो उरलेला कॉबलर संपवत होता. थाळी चाटून पुसून लख्ख होत आली होती. ओडेल उठली. फोन भिंतीला, खिडकीशेजारी, पिंजऱ्यापासून दहा पावलांवर. तिने नंबर आठवला, मग थाळी रॉयसपुढून उचलली आणि ओट्यावर ठेवली, म्हणजे बोलायला निमित्त हाताशी राहील. थाळी न्यायला उद्या जेवायला ये, एवढं म्हणायचं. मग रानलावीची सगळी हकिकत सांगायची, अगदी छातीवर ठेवलेल्या हातासकट, आणि रॉयसने ती समोर बसून ऐकायची.

तिने रिसीव्हर उचलला.

"आई," तो घाबरून कुजबुजला, "लावे!"

ओडेलने खिडकी सताड उघडली आणि नंबर फिरवायला घेतला. कुजबुजायचं नाही, हे तिने ठरवलं होतं.