डफड्यावर नाचणारी आमची घोडी

आज सकायी दारापुढं झालं ते कोनाले सांगता येईना, म्हून इथं लिहून राह्यलो.

आमची लग्नाची घोडी नेरमध्ये तुम्ही पाह्यलीच असन. डफडं वाजलं का जाग्यावरच नाचते, पाऊल पुढं टाकत नाही. अब्बानं गूळ चारू-चारू शिकवलं तिले.

आज दारापुढून मयत निघाली. कपाशीवर फवारताना विष अंगात भिनून गेलेला पोरगा. याच उन्हाळ्यात आमच्या घोडीवर नवरदेव होऊन बसलता.

मयतीपुढं रिवाजाचं डफडं वाजून राह्यलतं. घोडी बांधल्या जागी नाचू लागली. अब्बानं मान गच्च धरली, तरी तिचे पाय थांबेनात. शरमेनं मले वर पाहता येईना.

पोराची माय थांबली. म्हणे, "नाचू द्या भाई. तिनं ओयखलं त्याले."

घोडी फक्त डफडं ओयखते. हे त्या मायले कोनं सांगावं?