पार वाढली

खात्यात माझ्याबद्दल एकच मत होतं: माणूस कामाला वाईट नाही, पण त्याला तोंड आहे. तोंडाळ माणसाचं सरकार काय करतं, तर त्याला शिकवायला पाठवतं. पाटबंधाऱ्याच्या एका कामावर मी वरिष्ठांना भर उन्हात, मजुरांच्या देखत सांगितलं की साहेब, तुमचा नकाशा नागपुरात बरोबर असेल, इथे चूक आहे. थोड्याच दिवसांत माझी बदली चांद्याच्या एका तंत्रशाळेत झाली. शिक्षा म्हणून गेलो आणि तिथेच रमलो. हे त्या वरिष्ठांना कळलं असतं, तर त्यांनी मला नक्की परत बोलावून घेतलं असतं.

चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि गडचिरोली अजून त्याच जिल्ह्यातला एक तालुका होता. रस्ते व्हायचे होते, पूल व्हायचे होते, जुने तलाव दुरुस्त व्हायचे होते, आणि त्यासाठी ओव्हरसियर हवे होते. म्हणून ही शाळा. पत्र्याचं छप्पर, सागवानी बाकं, आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, गडचिरोली या भागांतून आलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं. बहुतेक धानाच्या शेतीतली, काही तलावात जाळं टाकणाऱ्या घरातली. मी स्वतः सिंदेवाहीकडचा, त्यामुळे त्यांची बोली मला कानाला गोड लागायची. हेडमास्तरांना मात्र ती ऐकवत नसे.

हेडमास्तर शिकवत म्हणजे इंग्रजी पुस्तकातून उतरवून देत. पोरं लिहून घेत, पाठ करत, आणि परीक्षेत ओकत. पुस्तक विलायतेतलं. त्यात छपराचा एक धडा होता आणि छपरावर साचणाऱ्या बर्फाचा भार किती धरावा, हे त्यात सविस्तर दिलेलं होतं. वैशाखात चांद्याचा पत्रा असा तापतो की त्यावर पापड भाजून निघावा. त्या पत्र्याखाली घामाने निथळत बसलेली पोरं बर्फाचा भार घोकत होती. मी हेडमास्तरांना विचारलं, "यातल्या कुणाच्या छपरावर बर्फ पडणार आहे?" ते म्हणाले, "परीक्षेत पडेल." मला संताप आला तो आलाच.

मग मी शाळेमागच्या उतारावर, एक बाजू उघडी ठेवून, खड्डा खणला. एकट्याने नाही, पोरांना घेऊन. वर्गात फळ्यावर काढलेली तलावाची मातीची पाळ कधी फुटत नाही, ही फळ्याची मोठी खोड आहे. खड्ड्याच्या तोंडाशी पोरं गुडघाभर उंचीची पाळ बांधत. विहिरीवरून बादल्यांनी पाणी आणून मागे भरत. आणि मग ती फुटेपर्यंत वाट पाहत. वरून पाणी गेलं की कशी जाते, माती नीट चोपली नसली की कशी जाते, पाया ओला असला की कशी बसते, हे सगळं डोळ्यांदेखत. फुटल्यावर मी त्यांच्याच बोलीत एकच प्रश्न विचारायचो: काऊन? म्हणजे, का?

हेडमास्तर म्हणाले, तुम्ही मुलांना चिखलात खेळवता. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, पाणी वाया जातं. मी म्हटलं, भरतो आम्हीच. ते म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही. मी म्हटलं, तेवढीच अभ्यासक्रमाची चूक आहे.

पहिल्या दिवशी पहिली पाळ फुटली तेव्हा मला वाटलं होतं पोरं टाळ्या पिटतील. ती गप्प उभी राहिली. मी विचारलं, "काय झालं?" शेवटी मागून एक आवाज आला, "पार वाढली, सर."

आमच्या भागातल्या झाडी बोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून पाळीची पार. ते मला ठाऊक होतं. पण वाढली? तेव्हा पोरांनी समजावून सांगितलं की तलावाच्या काठी राहणाऱ्याने 'फुटली' असं म्हणायचं नसतं. तलाव ऐकते. ज्या गावाचं धान, मासे, ढोरांचं पाणी सगळं एका मातीच्या पाळीवर उभं असतं, त्या गावात तो शब्द तोंडातून काढायचा नाही. फुटली तरी वाढली म्हणायचं.

मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आमचं खातं तरी काय वेगळं करत होतं? आख्खा तलाव वाहून जाऊन खालची धानाची बांधी रेतीने भरली, की वर अहवाल जायचा, 'पाळीस किरकोळ हानी'. गाव भीतीपोटी शब्द गिळतं, खातं हुशारीपोटी. पण गिळलेल्या शब्दाने काही दुरुस्त होत नाही. म्हणून मी वर्गाला सांगितलं, बाबांनो, घरी काहीही म्हणा, या खड्ड्याजवळ फुटली म्हणायचं. हळूहळू सगळे म्हणायला लागले. पुढे तर आवडीने, ओरडून म्हणायचे.

एक सोडून. ज्याने पहिल्या दिवशी वाढली म्हटलं होतं, तोच. ब्रह्मपुरीकडचा, घरची तलावातली मासेमारी आणि थोडी धानाची बांधी. उंच, काळासावळा, हात जाळं ओढून ओढून बळकट झालेले. वर्गात त्याच्याइतकी चांगली पाळ कुणी बांधत नसे. मातीचा गोळा चिमटीत दाबून तो किती पाणी हवं ते सांगायचा. पण फुटल्यावर म्हणायचा, वाढली. मी चिडलो, समजावलं, चेष्टाही केली. "मी नाई म्हनत, सर," एवढंच. मी स्वतः हट्टी असल्यामुळे दुसऱ्याच्या हट्टाला मी फार काळ नावं ठेवू शकत नाही. सोडून दिलं.

पण प्रकरण साधं नव्हतं. पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत तो इंग्रजीत अडखळून नापास झाला होता. दुसऱ्यांदा नापास झाला की नाव कमी, वसतिगृहातली जागा कमी, आणि मग ब्रह्मपुरीची बस. घरी परत जाऊन काय करायचं ते त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि तेच त्याला करायचं नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "उद्या एक दिवस फुटली म्हण. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी."

परीक्षक आले ते पुण्याकडचे. गोरेगोमटे, मृदू बोलणारे, स्वच्छ पांढरा शर्ट. माणूस वाईट नव्हता. मराठीत उत्तर दिलं तरी चालेल, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, तेव्हा मला हायसं वाटलं. हेडमास्तर त्यांच्या शेजारी बसले आणि मी मागे खुर्चीत, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

त्याचा नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, "मातीच्या पाळीतून पाणी झिरपायला लागलं आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर पुढे काय होईल?"

"पार वाढते, साहेब."

"पार? झाडाचा पार?"

"नाई. तलावाची."

"म्हणजे पाळ. पाणी झिरपल्याने पाळ वाढते?"

"हो. आधी थोडी वाढते, मंग सगळीच वाढते."

परीक्षक हसले. कुत्सित नाही, माणूस विनोदाला हसतो तसे. "माती कुठून येते रे वाढायला? आभाळातून?" हेडमास्तरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बघा तुमच्या खड्ड्याचं फळ, असं त्या पाहण्यात स्पष्ट होतं. परीक्षकांनी पेन उचललं.

मी उठलो. "साहेब, तुमच्या घरी बांगडी फुटली तर काय म्हणतात?"

हेडमास्तर म्हणाले, "मध्ये बोलायचं नाही, नियम आहे."

"नियम माहीत आहे. मोडतो आहे."

परीक्षक गोंधळले, पण उत्तर दिलं. "वाढवली म्हणतात."

"आणि देवापुढे नारळ?"

"वाढवतात."

"मग आमच्याकडे पाळही वाढते. ज्या गोष्टीवर संसार उभा असतो तिला फुटली म्हणायचं नसतं, एवढं तरी आपलं एकच आहे ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ते समजलं. पण हा ओव्हरसियर होणार. उद्या तलावावरून याची तार येईल, 'पाळ वाढली'. मी पेढे वाटू की माणसं पाठवू?"

प्रश्न रास्त होता. गेले कित्येक महिने मी वर्गात तोच विचारत होतो. पण त्या प्रश्नासाठी या पोराला बसमध्ये बसवायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "त्याला शब्द नाही आला, पण त्याला काय होतं ते येतं की नाही, एवढं तर बघा. मागे चला. हा दाखवेल." हेडमास्तर म्हणाले, तोंडी परीक्षा तोंडीच असते. परीक्षक मात्र आधीच उठले होते. बाहेर खिडक्यांशी उभा राहून ऐकणारा बाकीचा वर्गही मागे आला.

त्याने काही न बोलता माती कालवली, चोपली, पाळ बांधली. मग कुंपणाजवळून एका मेलेल्या झाडाची सडकी मुळी उकरून आणली आणि पाळीच्या पोटात आडवी पुरली. हे मी शिकवलेलं नव्हतं. पाणी भरलं. बराच वेळ काहीच होईना. परीक्षक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागले. मग पाळीच्या मागच्या अंगाला ओल आली, ओलीतून थेंब, थेंबांची धार. स्वच्छ पाणी.

"आता स्वच्छ आहे," तो म्हणाला. "तोवर सवड रायते, साहेब. गढूर झालं की समजायचं, पार आतून माती सोडून राह्यली. मंग थांबत नाई."

धार गढूळ झाली. आणि बघता बघता मधला भाग आत बसला आणि सगळं पाणी आमच्या पायांवरून गेलं. परीक्षकांचे बूट चिखलाने भरले. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"सडक्या मुळीचं तुला कुणी सांगितलं? पुस्तकात तर हे एवढं नाही."

तो उभा राहिला, हातांचा चिखल धोतराला पुसला. "आमच्या तलावाच्या पारीवर मोहाचं झाड होतं. वारलं. कोनी काढलं नाई. मुरं आत सडली." मग थांबला. "पारीखाली पाझराचं डबकं झालं होतं. त्यात झिंगे भेटत. माही बहीन टोपली घेऊन बसली होती तिथं. मी वर होतो. पानी गढूर झालं तं ती खुश झाली. गढूर पान्यात लवकर भेटतात म्हनून."

त्याने रिकामी बादली उचलून कडेला ठेवली.

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. परीक्षकांचा, हेडमास्तरांचा, बर्फाच्या धड्याचा, माझ्या स्वतःच्या त्या 'काऊन'चा. चार गुणांसाठी एका पोराला हे आमच्यापुढे काढून ठेवावं लागलं. अशी परीक्षा घेणाऱ्यांनी आपल्या परीक्षेबद्दल काही वाटून घ्यावं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पुढे पुष्कळ समित्या आल्या, शिक्षण कसं सुधारावं यावर मलाही बोलावलं. मी दर वेळी म्हणालो, आधी पोरांना काय माहीत आहे ते त्यांच्या बोलीत विचारा. दर वेळी मान डोलावली गेली आणि दर वेळी चहा आला.

परीक्षकांनी तिथेच, चिखलात उभं राहून त्याला पास केलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बूट धुवायला विहिरीकडे गेले.

हेडमास्तर मागे राहिले. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण वाईट वाटलेला माणूसही आपली सवय सोडत नाही. माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. पोरगा पास झाला. आता तरी हा खड्डा बुजवून टाका."

मी तोंड उघडलंच होतं. पण तो माझ्याआधी बोलला.

"बुजवू नका, साहेब. आमच्या गावात कोनी आधी अशी पार फोडून दाखवली असती, तं माही बहीन तिथं बसली नसती."