विचारून थांबणाऱ्या आपा

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होते. त्यांचा मुलगा सलीम म्हणाला, "मावशी, अम्मी गेली. सकाळची नमाज पढली, जराशी आडवी झाली अन् गेलीच." मी तशीच त्यांच्या घराकडे निघाले. रडू आलं, पण चुटपुट लागली नाही. भरल्या घरातून, कुणाला त्रास न देता गेल्या... त्याला आता महिना उलटला.

नसीम आपा अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या आणि मी खेड्यावरच्या शाळेत शिक्षिका. आमची ओळख झाली ती कापसाच्या वाईट वर्षांत. गावोगावची कर्ती माणसं स्वतःच्या हाताने जीव देत होती. बाहेरून मदत येई, समारंभ होत आणि बाप गेलेल्या लेकरांची नावं माईकवरून पुकारून त्यांना मंचावर दप्तरं दिली जात. आम्हा सगळ्यांना ते चांगलंच वाटे. पुढे ही मदत कशी द्यायची याचे नियम तालुक्याला ठरवायचे होते आणि मुलांच्या गरजा कळवायचं काम आपांकडे आलं. दुसऱ्या कुणी ते टेबलाशी बसून लिहून टाकलं असतं. आपा जीपमध्ये दाटीवाटीने बसून आमच्या शाळेत आल्या, मुलांमध्ये सतरंजीवर मांडी घातली आणि म्हणाल्या, "तुमाले कायनं बरं वाटते? अन् कायनं नाही वाटत?"

मुलं गप्प. मी सवयीने उत्तर सुचवायला गेले, तर आपांनी माझा हात धरला. "थांबा ना मॅडम. त्याईले सोचू द्या." ती शांतता मला फार लांब वाटली... मग सातवीतली वैशाली बोलली. तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते. "दप्तर चांगलं हाये. पण माह्यं नाव माईकवर नका पुकारू. तवापासून सारे मले बिचारी म्हणून राह्यले. कबड्डीत आउट झाली तरी कोणी आउट देत नाही." त्यावर एकाला बोलावंसं वाटलं, मग दुसऱ्याला. एक मुलगी म्हणाली, "माह्या आईसंगं कोणी बोलत नाही, तिच्यासंगं बोला."

नियम ठरवणारे तालुक्याचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पण देणाऱ्यांना फोटो लागतो, मंच काढला तर मदत आटेल, असं त्यांचं म्हणणं. आपा म्हणाल्या, "मंग हे त्या पोरीलेच सांगा साहेब." तिच्या आईला विचारून झाल्यावर आपांनी वैशालीलाही विचारलं, "साहेबाकडे येतं का? नाही म्हटलं तरी चालते." वैशाली आली. साहेबांच्या कचेरीत आम्ही दोघी तिच्या मागे बसलो. तिने शाळेत सांगितलं तेच तिथेही सांगितलं. साहेबांनी समोरचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "बरं, मग कशी द्यावी, तूच सांग."

"वर्गात द्या. साऱ्याईले द्या. कमी पडलं तं मॅडमजवळ ठेवा, ज्याले लागन तो मागून घेईन."

मंच गेला, माईक गेला, फोटो गेले. मुलांच्या आयांशी बोलायला अंगणवाडीच्या ताई घरोघर जाऊ लागल्या. काही देणारे नाराज झाले, बरेचसे टिकले. आणि त्याच हिवाळ्यात वैशाली एकदा तणतणत माझ्याकडे आली, "मॅडम, मी आउट नव्हती तरी त्याईनं मले आउट देल्लं." मी तिची बाजू घेतली नाही. आपांना हे सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

लेकरं काहीही मागतात, असं मी पुढे अनेकदा म्हणायचे. "मागू द्या ना," त्या म्हणत. "सारंच द्या असं कुठं म्हणतो आपण? पयले आयका तं खरं."

परवा त्यांच्या घरी गेले होते. आपांच्या खोलीचं काय करायचं, यावर सलीम आणि सूनबाईचं बोलणं चाललं होतं. बैठकीची खोली करावी की आहे तशीच ठेवावी? सलीम आपल्या लहानग्या आलियाकडे वळला. "तू बता बेटा, क्या करना?" मग कुणीच काही बोललं नाही. आलिया उठली, आत जाऊन खोलीभर फिरून आली.

"मैं सोऊंगी उधर," ती म्हणाली. "पर खिडकी खुली रखना."

खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती. सलीम तेलाची बाटली आणायला उठला.