नेरियो मिस्त्रीचा गारवा आणि लेकीचा तापलेला लॅपटॉप

माराकायबो शहरात माणसाची पत घरातल्या गारव्यावरून ठरते. बाहेर डांबर वितळत असतं आणि आत पाहुणा स्वेटर चढवून बसलेला असतो. त्याचे दात वाजले की घरची बाई समाधानानं कॉफी ठेवायला उठते. हा गारवा गावाला पुरवण्यात नेरियो मिस्त्रीची उभी हयात गेली. एकदा म्हणे अंत्यविधीगृहात एका मयताच्या खोलीतला एसी बंद पडला, तर रडायला आलेली मंडळी उठून शेजारच्या दालनात गेली आणि एका अनोळखी मयताजवळ बसून रडू लागली. नेरियोनं एसी चालू केल्यावर परत आली नि उरलेलं रडणं इथं पुरं केलं. हा किस्सा तो इतक्यांदा सांगे, की त्याची बायको नेल्वा मयताचं नाव त्याच्याआधीच सांगून मोकळी होई.

अशा माणसाच्या घरात एक वस्तू ताप धरून बसावी, हा त्याला आपला अपमान वाटला. ती वस्तू म्हणजे लेकीचा, एग्दाचा, गेम खेळायचा लॅपटॉप. जुना घेतलेला, विटेसारखा जाड. एग्दा त्यावर पाच जणींच्या संघातून लढायची. बाकीच्या चौघी चार देशांत, कप्तान खिमेना लिमाला. उपांत्य सामन्यात ऐन मोक्याला लॅपटॉपचा प्रोसेसर अठ्ठ्याण्णव अंशांवर गेला आणि जळू नये म्हणून त्यानं आपला वेग आपणच उतरवला. चित्र अडखळलं. एग्दाची योद्धी पुलाच्या मधोमध खांबासारखी उभी राहिली आणि तशीच मेली. बाकीच्यांनी कसाबसा सामना ओढून नेला, पण खिमेना गोड आवाजात म्हणाली, "शनिवारी सरावाचे आकडे दाखव. नव्वदच्या वर दिसले तर अंतिम सामन्यात राखीव मुलगी बसेल. आणि मग तीच बसत राहील."

"पपा, माझी जागा जाईल," एग्दा म्हणाली.

"माझ्या घरात? उकाड्यानं?" नेरियोला हसू आलं.

त्यानं तिच्या खोलीचा एसी सोळावर नेला. आकडा उतरेना. मग पत्र्याची नळी वाकवून गार झोत थेट कळफलकावर सोडला. खोलीत शिरताना नेल्वा डोक्याला शाल गुंडाळू लागली. एग्दानं लोकरीची टोपी घातली, मोजे घातले, पलंगावर गोधडी पांघरली, मांडीवर गोधडीचा दुसरा पदर घेतला आणि त्यावर लॅपटॉप ठेवून ती सरावाला बसली. आकडा पंच्याण्णव. नेरियोनं नळी रुंद केली. एग्दानं दुसरी गोधडी आणली. आकडा सत्त्याण्णव.

"हा आकडा खोटा आहे," नेरियो म्हणाला.

"खोटा असता तर हात भाजला नसता, पपा."

"मग नळी अजून रुंद करतो."

"नेरियो, तू पोरीला गोठवशील आणि यंत्र शिजवशील," नेल्वा दारातून म्हणाली. "दोन्ही एकाच खोलीत करणारा तू पहिलाच."

त्यानं ते ऐकून सोडून दिलं. बायकोचं खरं लगेच मानायची त्याला सवय नव्हती.

शुक्रवारी दुपारी विजेचा दाब पडला आणि घरातले एसी बंद झाले. नेरियो शिडी घेऊन छपराकडे पळाला. तासाभरानं घामाघूम होऊन खाली आला, तर एग्दा बाहेरच्या खोलीत. गोधड्या फेकलेल्या, टोपी जमिनीवर, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, मागच्या बाजूला दोन पालथ्या बशांचा टेकू. खेळ जोरात चाललेला.

"किती?" त्यानं घाबरत विचारलं.

"ब्याऐंशी."

नेरियो खुर्चीवर बसला.

"अरे पपा, हा खालून श्वास घेतो. पंख्यांची भोकं खाली आहेत. तू गार करायचास, मी गोधडी घ्यायचे, आणि गोधडी त्याचं नाक दाबायची. शिवाय मी प्रोसेसरला सांगून टाकलंय की छाती फुटेस्तोवर पळायचं नाही, थोडं कमीच पळ. खेळात फरक जेमतेम जाणवतो."

"म्हणजे चाकराला ठेवायचं आणि वर सांगायचं, जरा कमी राब?"

"हो. मग तो सामन्याच्या मध्यात भोवळ येऊन पडत नाही."

शनिवारी सकाळी आकडे खिमेनाला गेले आणि जागा राहिली. पण खरी पंचाईत संध्याकाळची. टेबल बाहेरच्या खोलीत, आणि सामना बघायला शेजार येणार. एसी सोळावर ठेवला तर एग्दाची बोटं आखडतात. तिला चोवीस हवे होते. चोवीस! नेरियोच्या घरात चोवीस अंशांत पाहुणा बसवायचा, म्हणजे पाटावर बोलावून रिकामं ताट वाढण्यातला प्रकार. तो रिमोट हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग चोवीस केलं आणि रिमोट खिशात घातला.

मंडळी जाकिटं घालून आली. नेल्वानं मक्याच्या पिठाच्या गोड मांदोका तळल्या होत्या, सोबत चीज. थोड्या वेळात जाकिटं उतरली. नेरियोचा सोबती एउदो गळ्याशी वारा घेत कुजबुजला, "मिस्त्री, एसीतला गॅस गेला काय रे?"

खरं सांगावं, तर एउदो म्हणणार 'काय बोटांचं घेऊन बसलास' आणि रिमोट मागणार. एग्दाचा सामना सुरू झाला होता. नेरियोनं मान खाली घातली.

"हो. कॉम्प्रेसर बिघडलाय."

"तुझा?"

"माझा."

एका म्हातारीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आकडा चौऱ्याऐंशीच्या पुढे गेला नाही. संघ थोडक्यात हरला, पण एग्दाची योद्धी शेवटपर्यंत उभी होती. हेडफोनमधून खिमेना म्हणाली, "पुढच्या हंगामालाही तूच."

सोमवारी दार वाजलं. एउदोनं दया येऊन गावातल्या दुसऱ्या एसी मिस्त्रीला, एदिक्सोनला, धाडलं होतं, ज्याला नेरियो जन्मभर 'तो स्क्रू हरवणारा' म्हणत आला. आत चोवीस अंशांत एग्दाचा सराव चालू होता.

"काय झालंय म्हणे, मिस्त्री?" एदिक्सोननं आदरानं विचारलं.

"तूच बघ," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतः शिडी आणून धरली.