मिठाच्या चुंगडीतला कोंडा

आमच्या भौतिकशास्त्र विभागात दर शनिवारी दुपारी कुणाच्या तरी संशोधनावर भाषण असतं. विद्यार्थी बोलतो, प्राध्यापक त्याला फाडून काढतात आणि मग सगळे मिळून चहा पितात. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी प्रत्येकाला तिथं एकदा शेवटचं उभं राहावं लागतं. माझी पाळी आली तेव्हा मी आईला बोलावून घेतलं. सावली तालुक्यातल्या आमच्या गावातून ती चार वर्षं एसटीनं कोंडा पाठवत होती, त्याचं पोरीनं काय केलं ते तिनं पाहावं, एवढीच हौस होती.

कोंडा म्हणजे धानाचं, भाताचं टरफल. गिरणीमागं त्याचे ढीग पडलेले असतात. मी तो भट्टीत जाळून उरलेली सिलिका तपासत होते. या सिलिकेचे स्फटिक व्हायला एरवी भट्टी फार तापवावी लागते, पण आमच्या गावच्या कोंड्याचे त्याहून बऱ्याच कमी तापमानाला होत. त्याची खूण म्हणून आलेखावर टोकदार शिखर उभं राही. तुलनेसाठी आणलेल्या ब्रह्मपुरीच्या कोंड्यात ते कधी दिसलं नाही. कोंडा न धुता, जसा येईल तसा जाळायचा, याचा तर मला भलताच तोरा होता. अख्खा प्रबंध त्या एका शिखरावर उभा होता.

भाषण झकास झालं. बाहेरून आलेल्या पाहुण्या प्राध्यापकांनी विचारलं, "तुमच्याच गावच्या धानात असं काय आहे?" मी वैनगंगेच्या मातीवर बरंच काही बोलले. खरं सांगायचं तर ठोकून दिलं. तेव्हा विभागप्रमुख हसत शेवटच्या रांगेत बसलेल्या आईकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. तुमच्या कोंड्याचं गुपित काय?"

आई उठली, पदर सावरला. पोरीची परीक्षा आहे आणि आपण कमी पडायचं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"गुपित कायचं जी? बारदान्यातून कोंडा सांडते. म्हून ढोरायसाठी खडेमीठ आणतो न, त्याच्या चुंगडीत भरून देतो. झटकतबी नाई. थोडं मीठ राह्यलं त किडे नाई लागत."

कोणी हसलं नाही. मिठात सोडियम असतं आणि सोडियममुळं सिलिकेचे स्फटिक लवकर होतात, हे त्या खोलीत आई सोडून सगळ्यांना माहीत होतं. मलाही. पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावरच्या शिखरावरच होता आणि तो बंद करायचंही मला सुचेना.

चार वर्षं त्या चुंगड्या, म्हणजे मिठाची पोती, माझ्या टेबलाखाली होत्या. त्यांच्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत 'मीठ' लिहिलेलं होतं. माझे मार्गदर्शक सर दोनदा त्यांना अडखळले होते, आणि तेही धानाच्या शेतकऱ्याचंच पोर. कोंड्यात काय काय आहे याची तपासणी करायला नमुना नागपूरला पाठवावा लागतो, म्हणून मी ते पुढं ढकलत राहिले. इतकी कशी आंधळी झाले मी!

"मीठ दिसलं नाही तुला?" सरांनी विचारलं. तुम्हालाही नाही दिसलं, हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. "स्वच्छ कोंडा आण," ते म्हणाले. "पुन्हा जाळ."

चहाच्या वेळी आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काई चुकलं का माह्यं?" मी नुसतं "नाई" म्हटलं आणि दुसरीकडे पाहिलं. चारचौघांत तोंड कशाला उघडलं, असा राग तिच्यावर आला होता. त्याची आजही लाज वाटते.

मिठाचा कणही नसलेला कोंडा पाठव, एवढंच मी तिला सांगितलं. आठ दिवसांनी ती स्वतःच आली. नव्या कोऱ्या उशीच्या खोळीत कोंडा भरून, एसटीत तो मांडीवर घेऊन.

"गिरणीतून सरळ यातच धरला," ती म्हणाली. "आन् मी मिठाले हात नाई लावला. स्वयंपाक अळणीच केला. हाताचं मीठ कोंड्याले लागलं त?"

मी कोंडा जाळला. ती माझ्या होस्टेलच्या खोलीत राहिली. मेसमधली भाजीही तिनं बाजूला सारली, काम होऊ दे म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलेख हातात आला. शिखर नव्हतं. होता एक बसका, रुंद फुगवटा, ब्रह्मपुरीच्या कोंड्यात असायचा तसाच. माझी चार वर्षं तिथं सपाट झाली होती आणि मी कागद उलटासुलटा करून पाहत होते.

आई बाहेर बाकावर बसली होती. मला पाहताच उठली.

"बराबर निघालं का?"

मी कागदाकडं पाहिलं. निघालं होतं ते अगदी बरोबरच निघालं होतं.

"बराबर निघालं, आई."

"मंग आता मीठ खाऊ न?" तिनं विचारलं.